छातीत पाणी झालं म्हणजे टीबीच, असं धरून बसू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की पेपरात न्यूमोनियावर माहिती येते, ती मी दरवर्षी वाचते. लस घ्या, ताप अंगावर काढू नका, म्हाताऱ्या माणसांना जपा, सगळं बरोबर आहे. पण न्यूमोनिया झाल्यावर छातीत जे पाणी होतं आणि पुढे त्या पाण्याचा पू होतो त्याबद्दल कुठे एक ओळ पण नसते, म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, नोकरीतली बरीच वर्षं मेल मेडिकल वॉर्डात गेली, आता रिटायर आहे. यावल, रावेर, चोपड्यापासून ते तिकडे शिरपूर, शहादा, धडगावपर्यंतचे पेशंट पाहिलेत, कोण कुठल्या अवस्थेत यायचा ते पाहिलंय, आणि आता घरी बसल्यावर पण गल्लीतले लोक रिपोर्टची पिशवी घेऊन येतात तेव्हा दिसतं की फार काही बदललेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की न्यूमोनियाच्या पेशंटला अँटिबायोटिक चालू असून दोन-तीन दिवसांत ताप हटत नसेल आणि छातीत पाणी दिसत असेल, तर ते पाणी त्याच दिवशी सोनोग्राफीत बघून, सुईने काढून तपासलं पाहिजे. रिपोर्ट येऊ द्या, सोमवारी मोठे डॉक्टर येतील, आधी हा कोर्स पूर्ण होऊ द्या, असं करत करत आठवडा जातो आणि तोच आठवडा महाग पडतो. आणि ही तपासणी तालुक्याला झाली पाहिजे, त्यासाठी पेशंटला जिल्ह्याच्या गावी किंवा नाशिकला न्यायची वेळ यायला नको.

महाग का पडतो ते सांगते. फुप्फुसावर एक आणि छातीच्या आतल्या बाजूला एक अशी दोन पातळ आवरणं असतात, प्लुरा म्हणतात त्यांना, आणि त्यांच्या मधे धडधाकट माणसात जेमतेम १०-१५ मिली ओलावा असतो. न्यूमोनियाने दाखल झालेल्या निम्म्यापर्यंत पेशंटना त्या फटीत थोडंफार पाणी होतं आणि बहुतेकांचं औषधाने आपोआप जिरतं, म्हणून पाणी म्हटल्याबरोबर घाबरायचं कारण नाही. पण काहींचं जिरत नाही. सुरवातीचे दोन ते पाच दिवस पाणी पातळ असतं, त्यात जंतू नसतात. त्यानंतर जंतू आत शिरतात, पांढऱ्या पेशी मरून साचतात, फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि सोनोग्राफीत कोळ्याच्या जाळ्यासारखे पडदे दिसायला लागतात, पाण्याचे वेगवेगळे कप्पे पडतात, मग एका कप्प्यात सुई गेली तरी शेजारच्या कप्प्यातलं बाहेर येत नाही. दोन-तीन आठवडे उलटले की फुप्फुसावर जाड साल धरते, फुप्फुस आत आवळून जातं, फुगतच नाही, आणि ती साल कुठल्याच गोळीने, इंजेक्शनने जात नाही, ऑपरेशन करून सोलावी लागते. म्हणजे सुरवातीला जे काम एका सुईत किंवा बारीक नळीत झालं असतं त्याला शेवटी बरगड्यांमधून ऑपरेशन. परदेशातल्या, सगळ्या सोयी असलेल्या दवाखान्यांतले आकडे बघितले तरी छातीत पू झालेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो. एवढा गंभीर आजार आहे आणि आपल्याकडे त्याचं नाव पण कोणाला माहीत नाही. एम्पायमा म्हणतात.

एक पेशंट सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. केळीच्या मळ्यात कामाला जाणारा पन्नाशीचा माणूस, शुगर आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, दात किडलेले, संध्याकाळी थोडी प्यायची सवय. ताप आला, उजव्या कुशीत चमक यायची. गावात सलाईन लावली, अमिकासिनचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं, परत ताप. मग एक्स-रे काढला, त्यात पाणी दिसलं. घरच्यांनी गावभर सांगितलं की छातीमा पानी झायं, टीबी निघाला. थोडं पाणी काढून लॅबला पाठवलं, एडीए (टीबीचा संशय असला की पाण्यात बघतात ते एन्झाइम) जास्त आला, लगेच टीबीची औषधं सुरू. ताप हटेना तर सांगितलं की टीबी आहे, वेळ लागतो, नेटाने गोळ्या खा. त्याने नेटाने खाल्ल्या. आमच्याकडे आला तेव्हा त्याला बेडवर बसवलं, पुढे टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकवले, पाठ उघडी केली तर उजव्या बाजूच्या बरगड्या एकमेकींकडे ओढल्यासारख्या आणि खांदा खाली उतरलेला. डॉक्टरांनी पाठीवर बोटाने ठोकलं तर डावीकडे पोकळ आवाज आणि उजवीकडे खालपर्यंत नुसता ठस्स आवाज. सुई टाकली तर मोठ्या सिरिंजमधे हिरवट घट्ट पू आला, तो पण जोर लावून ओढावा लागला, आणि वास असा सुटला की शेजारच्या बेडपाशी बसलेल्या बाईने उठून खिडक्या उघडल्या. असा घाण वास म्हणजे बहुतेक वेळा हवेशिवाय वाढणारे जंतू, हिरड्यांतले, तोंडातले, झोपेत किंवा दारूच्या नशेत थुंकी श्वासनळीत उतरते त्यातून जातात. नळी टाकली, बराच पू निघाला, ताप उतरला, पण साल धरलेली होती म्हणून शेवटी मोठ्या शहरात ऑपरेशन करावं लागलं. माणूस वाचला. घरची बैलजोडी मात्र त्या पायी गेली आणि त्याच्या मुलीची बारावीची परीक्षा पण.

आता त्या एडीएबद्दल, कारण खरा गोंधळ तिथेच आहे आणि शिकलेले लोक सुद्धा त्यात फसतात. आपल्याकडे टीबी खूप आहे हे खरं आहे, तरुण मुलाच्या छातीत एका बाजूला पाणी असेल, त्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असतील आणि एडीए ४० च्या वर असेल तर डॉक्टर टीबी धरतात ते बरोबरच आहे. पण एडीए काय फक्त टीबीत वाढत नाही, साध्या जंतूंच्या पुवात पण वाढतो, कधी कधी तर टीबीपेक्षा कितीतरी जास्त येतो. म्हणून त्या रिपोर्टवर नुसता एडीएचा आकडा बघायचा नसतो, पेशी कुठल्या आहेत ते बघायचं असतं. न्यूट्रोफिल किंवा पॉलिमॉर्फ (दोन्ही एकच, साध्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८०-९० टक्के लिहिलेत, ताप थंडी वाजून येतोय, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) वर गेलेत, आणि वर एडीए जास्त, तर आधी पुवाचा विचार व्हायला पाहिजे. टीबीच्या पाण्यात पण अगदी सुरवातीला पॉलिमॉर्फ दिसू शकतात, टीबीचा पू पण असतो, म्हणून सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी) आणि कल्चरला (जंतू उगवून बघायला) नमुना पाठवायचाच, पण त्याचा रिपोर्ट येईपर्यंत पू आत ठेवायचं काही कारण नाही. आणि हे वाचून कोणी मनानेच टीबीच्या गोळ्या बंद करू नका, हात जोडून सांगते, ज्यांना खरंच टीबी आहे त्यांनी मधेच गोळ्या सोडल्या तर फार वाईट होतं. फक्त एवढं विचारा की साहेब, पाण्यात पेशी कुठल्या निघाल्या?

नुसत्या एक्स-रेवर पण अवलंबून राहू नका. उभ्याने काढलेल्या छातीच्या साध्या एक्स-रेत पाणी दिसायला साधारण २०० मिली तरी जमावं लागतं, आणि दिसलं तरी तो पांढरा भाग पाण्याचा आहे का न्यूमोनियाचाच आहे हे कित्येक वेळा कळत नाही. सोनोग्राफीत थोडं पाणी पण दिसतं, पडदे आहेत का दिसतं, सुई नेमकी कुठे टाकायची ते दिसतं, त्यामुळे फुप्फुसाला किंवा लिव्हरला सुई लागायची भीती कमी होते. आमच्या वेळेला नुसतं बोटाने ठोकून, बरगडी मोजून सुई टाकायचे, आता मशीन असताना तसं टाकायची गरज नाही. पाण्याचा थर एक सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर डॉक्टर सहसा सुई न टाकता लक्ष ठेवतात आणि एक-दोन दिवसांत परत बघतात. पुढे कप्पे जास्त असतील, नळी टाकून पण उतार पडत नसेल तर सीटी स्कॅन लागतो, तो डाय देऊन काढलेला चांगला.

काढलेल्या पाण्यात डोळ्यांना पू दिसला तर पुढे विचार करायचा नसतो, नळी टाकायची. अडचण येते ती पाणी पिवळं, नितळ दिसतं तेव्हा, सगळ्यांना हायसं वाटतं की पू नाही, पण जंतूंचं काम आत सुरू झालेलं असू शकतं. ते कळायला पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आंबट झालंय ते, बघतात. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे इन्फेक्शनचा संशय असताना पीएच ७.२ किंवा त्याहून कमी आला तर नळी टाकायची, ७.२ ते ७.४ च्या मधे असेल आणि एलडीएच (पेशी मरतात तेव्हा वाढणारं एन्झाइम) ९०० च्या वर असेल तर नळीचा विचार करायचा. पीएच बघायला वेगळं काही मशीन लागत नाही, आयसीयूत रक्तातला ऑक्सिजन बघायचं एबीजीचं मशीन असतं त्यावरच होतो, फक्त सिरिंज हेपरिन (गोठू न देणारं औषध) लावलेली पाहिजे, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि लगेच मशीनला लावायचं. हवा राहिली तर आकडा खोटा जास्त येतो, भुलीचं लिग्नोकेन त्या सिरिंजमधे राहिलं तर खोटा कमी येतो, नवीन सिस्टरना हे मी नेहमी सांगायची. घट्ट पू मात्र त्या मशीनमधे घालायचा नाही, मशीन बंद पडतं आणि घालून उपयोग पण नाही, पू दिसला तिथेच उत्तर मिळालं.

आणि तालुक्याला एबीजी मशीन नसेल तर? तर पाण्यातली साखर बघा. ६० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर पुवाची शक्यता जास्त धरून नळीचा निर्णय घेता येतो, हे पण त्याच सूचनांमधे आहे. साखर काढायला कुठलीही साधी लॅब चालते, आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत दोन-चार तरी आहेत. टीबीत, संधिवाताच्या काही पेशंटमधे आणि कॅन्सरच्या पाण्यात पण साखर कमी निघू शकते, म्हणून डॉक्टर पेशंटकडे बघूनच ठरवणार, पण आमच्याकडे सोय नाही म्हणून काहीच केलं नाही, असं म्हणायला जागा राहत नाही.

कल्चरबद्दल पण एक सांगते, खर्च जवळजवळ नाही आणि फायदा बराच आहे. छातीतला नमुना साध्या बाटलीत पाठवला तर साधारण ४० टक्के पेशंटमधे काहीच उगवत नाही, मग डॉक्टर अंदाजाने औषध चालवतात. तोच नमुना बेडपाशीच थोडा ब्लड कल्चरच्या बाटलीत पण टाकला तर जंतू सापडायचं प्रमाण वाढतं. शिवाय रक्ताचं कल्चर घ्यायचं, आणि शक्य असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी घ्यायचं.

औषधाचं म्हणाल तर आपल्या भागात ताप म्हटला की अमिकासिन, जेंटामायसिनचं इंजेक्शन ठोकायची फार सवय आहे. ही औषधं आपल्या जागी चांगली आहेत, पण पुवाच्या पोकळीत ती नीट पोचत नाहीत आणि पू आंबट असतो, म्हणजे पीएच कमी असतो, त्यात ती कामच करत नाहीत. एम्पायमाला पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनच्या जातीतलं औषध आणि सोबत तोंडातल्या त्या हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवर चालणारं औषध लागतं, दवाखान्यात असताना लागलेलं इन्फेक्शन असेल तर आणखी वरचं, आणि ते सगळं मिळून दोन ते सहा आठवडे चालू ठेवावं लागतं. लोकांना ताप उतरला की बरं वाटतं आणि मेडिकलवरून पुढचं पाकीट आणत नाहीत.

नळीची भीती हा वेगळाच विषय आहे. नळी टाकली म्हणजे माणूस गेला असं आमच्या वॉर्डात रोज ऐकायला यायचं, सुई टोचली की पाणी वाढतं हे पण. नातेवाईक सही द्यायला तयार नसायचे, गावाकडून जिभाऊ येऊ द्या, ते सांगतील मग बघू, असं करत दोन दिवस निघून जायचे. उशिरा नळी टाकलेला पेशंट गेला की लोकांना नळी लक्षात राहते, आधीचे वाया गेलेले दिवस लक्षात राहत नाहीत. आता तर पूर्वीसारखी बोटाएवढी जाड नळी टाकायची पण गरज राहिली नाही, १४ नंबरची किंवा त्याहून बारीक, पिगटेल म्हणतात ती, बहुतेकांना पुरते, दुखतं पण कमी. बारीक नळी तुंबू नये म्हणून दर सहा तासांनी २०-३० मिली सलाईनने धुवावी लागते, ते काम सिस्टरचं, आणि ते चुकलं तर नळी असून नसल्यासारखी. खूप पाणी असेल तर एका दमात सगळं सोडायचं नाही, दीड लिटरच्या आसपास थांबायचं, नाहीतर दबलेलं फुप्फुस एकदम फुगून त्यातच पाणी भरतं. पेशंटला खोकल्याची उबळ आली, छातीत आवळल्यासारखं झालं तर दीड लिटर व्हायच्या आधीच थांबायचं.

नळीला जोडलेल्या बाटलीचं पण नातेवाइकांना कोणी नीट समजावून सांगत नाही. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात दोनेक सेंटिमीटर बुडालेलं असतं आणि श्वास घेतला सोडला की त्या नळीतलं पाणी वर खाली होतं, आम्ही म्हणायचो कॉलम हलतोय. हलतोय म्हणजे नळी मोकळी आहे. हलायचा थांबला तर नळी तुंबली, वाकली किंवा फुप्फुस पूर्ण फुगलं, लगेच सिस्टरला सांगायचं. बाटली कायम छातीच्या खाली आणि सरळ उभी पाहिजे. संडासला नेताना बाटली उचलून पेशंटच्या मांडीवर किंवा बेडवर ठेवतात, मी कितीदा धावत जाऊन खाली घेतली असेल, वर धरली की बाटलीतलं पाणी उलटं छातीत जातं. आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेताना सांडू नये म्हणून नळीला चिमटा लावतात किंवा चक्क गाठ मारतात. नळीतून बुडबुडे येत असतील तर हे फार धोक्याचं, हवा आत कोंडते आणि पेशंट रस्त्यातच काळानिळा पडतो. १०८ ला फोन करा, सोबत येणाऱ्या डॉक्टरला सांगा की छातीत नळी आहे, बाटली पायाशी उभी धरा.

हे बंद नळीचं शास्त्र काही आजचं नाही. १९१८ च्या सुमाराला अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत गोवर आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीत हजारो तरुण सैनिकांच्या छातीत पू झाला, तेव्हा घाईने छातीला भोक पाडून पू वाहू द्यायचे आणि त्यात शंभरातले तीसच्या आसपास मरायचे. मग त्यांनी एम्पायमा कमिशन नेमलं, त्यात एव्हर्ट्स ग्रॅहम नावाचे सर्जन होते, त्यांनी दाखवलं की सुरवातीच्या दिवसांत छाती उघडी न करता, हवा आत न जाऊ देता बंद पद्धतीने पू काढा आणि पेशंटला नीट खाऊपिऊ घाला, तर मृत्यू चार टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हा पेनिसिलिनचा शोध पण लागलेला नव्हता. आणि त्यातलं खाण्यापिण्याचं आपल्याकडे अजून कोणी मनावर घेत नाही, पेशंटला चहा-बिस्कीट, साबुदाणा आणि पातळ खिचडीवर ठेवतात. एवढा पू तयार करताना शरीरातलं प्रोटीन झिजतं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन २.७ च्या खाली असेल, वय ७० च्या पुढे असेल, युरिया वाढलेला असेल, इन्फेक्शन दवाखान्यात लागलेलं असेल तर धोका वाढतो, डॉक्टर लोक याचे मार्क मोजतात, रॅपिड स्कोअर म्हणतात. त्या स्कोअरमधे पू दिसत नसेल तर एक मार्क उलट जास्त धरतात, म्हणून तर वर म्हटलं की पाणी पिवळं आहे म्हणून निवांत राहू नका. अंडी चालत असतील तर अंडी द्या, नाहीतर डाळ, शेंगदाणे, दूध, दही, जे घरात आहे ते. शुगर रोज तपासा.

नळी टाकून, योग्य औषध देऊन पण पू अडकलेलाच राहिला तर पुढचे उपाय आहेत. पूर्वी नळीतून स्ट्रेप्टोकायनेज (फायब्रिन विरघळवायचं औषध) सोडायचे, ते मी स्वतः सोडायला मदत केलेली आहे, पण २००५ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात त्याचा काही फायदा दिसला नाही. मग २०११ साली दुसरा अभ्यास आला, मिस्ट-२, त्यात टीपीए (फायब्रिन विरघळवणारं) आणि डीएनेज (पू पातळ करणारं) अशी दोन औषधं जोडीने, दिवसातून दोनदा, तीन दिवस नळीतून सोडली तर ऑपरेशनला पाठवावं लागणारे पेशंट १६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. एकेकटं औषध देऊन हा फायदा मिळत नाही, जोडीच लागते. टीपीए हार्टसाठी, पॅरालिसिससाठी मोठ्या दवाखान्यांत ठेवतात, डीएनेज मात्र महाग आणि मिळायला अवघड, शिवाय रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून छातीच्या डॉक्टरांच्या देखरेखीतच. हे परवडत नसेल किंवा देता येत नसेल आणि ऑपरेशन पण जमण्यासारखं नसेल तर नळीतून २५० मिली सलाईन दिवसातून तीनदा, तीन दिवस सोडून धुवायचं, २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात यानेही ऑपरेशनची गरज कमी झालेली दिसली. सलाईन तर आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आहे. आणि एवढ्याने पण नाही भागलं तर दुर्बिणीने ऑपरेशन करून पडदे तोडतात, पू धुतात, पण त्या निर्णयाला पण वेळ लावायचा नसतो, साल धरायच्या आत सर्जनला दाखवायचं. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल झाल्या झाल्या भेटा, आपला धुळे जिल्हा तर २०१२ साली ही योजना जुन्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्याच टप्प्यात होता. बिल झाल्यावर विचारायला गेलात तर तो काही करू शकत नाही.

आता प्रशासनाकडे मागणी. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. उपजिल्हा रुग्णालयातल्या एका डॉक्टरला तरी तिथे पाठवून छातीची सोनोग्राफी आणि सुईने पाणी काढणं हातावर बसवून घ्यावं, पिगटेलचे सेट, बाटल्या, हेपरिन, ब्लड कल्चरच्या बाटल्या हे सामान औषधांच्या इंडेंटमधे (मागणीच्या यादीत) कायम असावं. सोनोग्राफी मशीन आहेत हो, पण ती गरोदर बायांसाठी ठराविक वारी चालतात आणि बाकी दिवस खोलीला कुलूप. मशीनला हात लावायला सगळे घाबरतात कारण गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा. तो कायदा हवाच, त्याच्याही आधी १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता आणि मुलींसाठी तो किती गरजेचा होता ते लेबर रूममधे काम केलेल्या आम्हा बायकांना सांगायला नको. पण नोंदणी झालेल्या दवाखान्याच्या आवारात, दाखल पेशंटसाठी पोर्टेबल मशीन वापरायला नियमांत जागा आहे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तेवढं लेखी पत्र काढून डॉक्टरांची भीती घालवली तर तालुक्यातल्या वॉर्डात बेडपाशी छाती बघता येईल.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचे लोक दिवाळीनंतर उसाच्या तोडणीला गुजरातेत जातात, तिथे उघड्यावर झोपतात, आजारी पडले तरी टोळी सोडून येता येत नाही. अशा माणसाच्या कुशीत चमक येते, ताप येतो, आणि तो परत गावी पोचेपर्यंत पाण्याचे दिवस संपून पुवाचे दिवस सुरू झालेले असतात. आशाताईंना आणि आरोग्य सेवकांना एवढं जरी सांगून ठेवलं की ताप, खोकला आणि एका बाजूला श्वास घेताना दुखणं, आणि औषध घेऊन तीन दिवसांत फरक नाही, तर थुंकी तपासून थांबायचं नाही, छातीची सोनोग्राफी करायला पाठवायचं, तरी बरेच लोक वेळेत सापडतील.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे साहेब, जागा कमी असेल तर १९१८ ची गोष्ट आणि औषधांच्या अभ्यासाचे आकडे कापा, पण एडीए आणि पेशींचं जे लिहिलंय ते आणि बाटली खाली ठेवायचं तेवढं कापू नका.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका
ता. चोपडा, जि. जळगाव